सलीम अली : सीमा ओलांडणाऱ्या पक्ष्यांचे अभ्यासक

डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आई-वडील लवकर गेल्याने मामांनी त्यांना वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचेच झाले.

हिमालयातले कित्येक पक्षी थंडीत खाली उतरतात. मध्य आशियातले काही तर पर्वत ओलांडून भारतात येतात. त्यांचा अभ्यास एका देशापुरता करून भागत नाही. म्हणून सलीम अली १९४५ मध्ये कैलास-मानसरोवरला गेले. पुढे त्यांनी सिक्कीम आणि भूतानचे पक्षी अभ्यासले. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासोबत त्यांनी भारत, पाकिस्तान आणि शेजारी देशांतील पक्ष्यांवर दहा खंड लिहिले (१९६८-७४).

एक निर्णय मात्र चुकला. राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीत गुरे चरू नयेत, असे त्यांचे मत होते. १९८२ मध्ये चराईबंदी झाली, गावकरी संतापले आणि पोलीस गोळीबारात काहींचा जीव गेला. पुढे सोसायटीच्याच अभ्यासात दिसले, की म्हशी थांबल्याने गवत माजले आणि पाणपक्ष्यांची जागा आक्रसली.

२० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून, गोरेगावात, सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. उद्यानाच्या जंगलात आदिवासी पाडेही आहेत. भरतपूरचा धडा इथेही लागू पडतो : जंगल राखताना तिथल्या माणसांचे पोटही पाहावे लागते.