रुपयाचा विद्यार्थी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सौंसरला घरी असलो म्हणजे ओळखीपाळखीची महाविद्यालयीन मुले भेटावयास येतात. आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांसाठी सांगतो, सौंसर हे मध्य प्रदेशातील तालुक्याचे गाव. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. राज्यकारभार हिंदीत, घरची बोली मराठी आणि मोठी बाजारपेठ नागपूरची, असा आमचा तिपेडी संसार आहे. मी गणित शिकवितो हे ठाऊक असल्याने यंदा मुलांचे प्रश्न होते ते गणितीय वित्तशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाविषयी. अर्ज केव्हा करावा, आपला हेतू कसा मांडावा, शिफारसपत्र कोणाचे घ्यावे आणि या सर्वांहून मोठा प्रश्न म्हणजे पैसा कोठून आणावा? कापूस-संत्र्यांवर चालणाऱ्या घरातील मुलाला हा शेवटचा प्रश्न पहिलाच असतो. या वाटेने आपल्यापैकी पूर्वी कोणी गेले आहे काय, असेही त्यांनी विचारले.

गेले आहे. आणि तेही आमच्याच मध्य प्रदेशात, महूच्या लष्करी छावणीत, १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेताच डोळ्यांसमोर राज्यघटना, महाडचे तळे आणि आम्हां सौंसरकरांना अगदी जवळची नागपूरची दीक्षाभूमी उभी राहते. परंतु वयाच्या बाविसाव्या वर्षापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत हा मनुष्य प्रामुख्याने वित्तशास्त्राचा विद्यार्थी होता, आणि त्या शिक्षणासाठी त्याने केलेले अर्ज, मिळविलेल्या शिफारशी व जमविलेला पैसा यांची हकीकत कोणी विद्यार्थ्यांना सांगत नाही. येथे मी तेवढीच सांगणार आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गणितीय वित्तशास्त्राचा आरंभ लुई बाशेलिए याने १९०० साली पॅरिसच्या विद्यापीठास सादर केलेल्या सट्ट्याच्या सिद्धांतावरील प्रबंधापासून मानतात. आंबेडकरांचे प्रबंध त्या जातीचे नव्हेत. त्यांचा विषय सार्वजनिक वित्तव्यवस्था व चलन हा होता. त्यांच्या ग्रंथांत समीकरणांपेक्षा आकड्यांचे तक्ते आणि कायद्यांचा इतिहास अधिक आहे. पण अर्जदार म्हणून त्यांच्यापुढे जे होते, ते आजच्या मुलांपुढे आहे त्याहून निराळे नव्हते. कठीण मात्र कितीतरी अधिक होते.

त्यांच्या पहिल्या शिफारशीमागे सभा होती. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. महार समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट, म्हणून अभिनंदनाची सभा भरली. तिला मराठी ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर हजर होते. त्यांनी मुलाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले आणि पुढे इंटरनंतर वडिलांची, सुभेदार रामजी सकपाळांची, ऐपत संपली तेव्हा त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे उभे केले. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. शिफारस करणाऱ्याने नुसता कागद लिहून भागत नाही, कधी विद्यार्थ्याला हाताशी धरून दारापर्यंत न्यावे लागते, हे आम्हां शिक्षकांनी केळुसकर गुरुजींपासून घ्यावे असे मला वाटते.

बी.ए. झाल्यावर भीमराव बडोद्यास नोकरीला गेले. परंतु थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, वडील वारले. त्याच सुमारास महाराज काही विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याच्या विचारात होते. आंबेडकरांनी अर्ज केला व त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. ठरलेल्या विषयांचाच अभ्यास करावयाचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची, अशा अटी होत्या. शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची. या कराराची आठवण ठेवावी. पुढे त्याचे काय झाले ते येईलच.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम घेतले. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे निराळेच. सार्वजनिक वित्तशास्त्राचे त्या काळचे मोठे पंडित एडविन सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक. लाला लजपतराय त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांनी या तरुणाला राजकीय कार्यात ओढण्याचा यत्न केला, तेव्हा महाराजांना शब्द दिला आहे, अभ्यास पुरा होईतो दुसरे काही नाही, असे आंबेडकरांनी त्यांना कळविले. १९१५ साली एम.ए. झाले. त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था यांवर त्यांनी प्रबंध लिहिला. १९१६ साली पीएच.डी.चा प्रबंधही विद्यापीठाने स्वीकारला. पदवी मात्र हाती पडली नाही, कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय ती देण्याचा तेथे प्रघात नव्हता, आणि छपाईला पैसे नव्हते. तो ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील पुस्तक म्हणून १९२५ साली लंडनला छापला गेला आणि पदवी आली १९२७ साली. अकरा वर्षे!

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, आणि नोव्हेंबरात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये. अभ्यास जेमतेम सुरू झाला तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून बोलावणे आले. येथे त्यांनी केलेला एक अर्ज मला फार मोलाचा वाटतो. अभ्यास सोडून देण्याऐवजी त्यांनी विद्यापीठाकडे रजा मागितली. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने ती मिळाली: ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा. खिशात दमडी नसताना दार बंद होऊ न देणे ही शहाणपणाची गोष्ट होती. महायुद्ध चालू होते. पुस्तके व सामान निराळ्या बोटीने पाठविले होते. ती बोट पाणतीराने बुडाली. सामानाच्या भरपाईचे सहाशे रुपये मिळाले, त्यांतून बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली.

बडोद्यात महाराजांचा विचार त्यांना पुढे अर्थमंत्री करावे असा होता, आणि आरंभी त्यांना लष्करी सचिवाचे पद मिळाले. परंतु कचेरीत शिपाई कागद दुरून टाकीत. शहरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी खानावळीत नाव बदलून राहिले, ते उघडकीस येताच लाठ्या घेऊन जमाव दाराशी आला. दहा वर्षांचा करार थोड्या दिवसांत असा संपला. न्यूयॉर्कला शिकलेला वित्तशास्त्रज्ञ आपल्याच देशातील एका शहरात रात्रीच्या निवाऱ्यासाठी फिरत होता, आणि ज्या संस्थानाने त्याच्या शिक्षणावर पैसा खर्च केला त्याच संस्थानाची राजधानी त्याला खोली देऊ शकली नाही. नोकरीची अट कागदावर लिहिता येते, माणसांच्या मनातील विटाळ कोणत्या कलमाने काढणार?

मुंबईस परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या, पडेल ते काम केले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक मिळाली, पगार दरमहा साडेचारशे. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनमध्ये झालेली ओळख येथे उपयोगी पडली. तेथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी शिवू नये अशी काही सहकाऱ्यांची कुरकुर होती. आंबेडकरांचे लक्ष चार वर्षांच्या मुदतीकडे होते. पगारातील काही भाग घरखर्चास देऊन उरलेला ते बाजूला टाकीत. परळच्या चाळीत तो तुटपुंजा खर्च भागविला तो रमाबाईंनी. आपल्याकडे विद्वानांची चरित्रे लिहिताना हा हिशेब एका वाक्यात उरकतात. मलाही अधिक तपशील देता येत नाही, पण लंडनच्या पदव्यांत त्या चाळीतील उपासांचा वाटा आहे एवढे निश्चित.

१९२० च्या मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली. स्वतःची बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या शिदोरीवर जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले. मुदत संपावयास सव्वा वर्ष उरले होते. सेलिग्मन यांनी न्यूयॉर्कहून लंडनचे प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले.

आता थोडे अंकगणित करू. त्या काळी पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगाचे बारा पेन्स. युद्धापूर्वी रुपया सोळा पेन्सचा होता. १९२० च्या आरंभी तो अडीच शिलिंगांच्याही वर चढला, सरकारने त्याचा भाव सोन्यात दोन शिलिंग ठरविला, आणि १९२१ मध्ये बाजारात तो सोळा पेन्सच्याही खाली घसरला. पाच हजार रुपये चोवीस पेन्सच्या भावाने बदलले तर पाचशे पौंड येतात. सोळाच्या भावाने तीनशे तेहतीस. म्हणजे मुंबईहून लंडनला पैसे नेणाऱ्या विद्यार्थ्याचा तिसरा हिस्सा नुसत्या भावाच्या घसरणीत नाहीसा होऊ शकत होता. अशा वर्षांत हा विद्यार्थी लंडनच्या ग्रंथालयांत बसून कशाचा अभ्यास करीत होता, तर रुपयाचा भाव असा डळमळतो का, याचा. संशोधनाचा विषय कसा निवडावा असे मुले विचारतात, तेव्हा मला हे आठवते.

१९२१ साली ते एम.एस्सी. झाले. त्याच वर्षी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही प्रवेश मागितला. जर्मन भाषेत स्वहस्ते लिहिलेला त्यांचा अर्ज उपलब्ध आहे. ते शिक्षण पुरे झाले नाही. १९२२ साली बॅरिस्टर झाले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात रुपयाचा प्रश्न हा डी.एस्सी.चा प्रबंध लंडन विद्यापीठास सादर केला, आणि तो परत आला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहावयास सांगितले. पैसा संपलेला. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, येथे प्रबंध पुन्हा लिहून ऑगस्टमध्ये पाठविला. भाषा व मांडणी बदलली, निष्कर्ष तेच ठेवले. नोव्हेंबरात तो मान्य झाला आणि वर्षअखेर ग्रंथरूपाने बाहेर पडला. प्रस्तावना कॅनन यांची. गंमत अशी की काही मुद्द्यांवर कॅनन यांचे विद्यार्थ्याशी पटत नव्हते, ते त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आणि तरीही ग्रंथाची भलामण केली. असा गुरू मिळणे हे भाग्यच.

ग्रंथात काय आहे? केन्सने १९१३ च्या आपल्या पुस्तकात हिंदुस्थानातील सुवर्ण-विनिमय पद्धतीची तरफदारी केली होती: देशात रुपया चालवावा आणि परदेशी देण्याघेण्यासाठी त्याचा भाव पौंडाशी बांधून ठेवावा. आंबेडकरांचे म्हणणे असे की या पद्धतीत रुपये किती पाडावेत यावर सरकारला लगाम राहत नाही. रुपये वाढले की महागाई वाढते, आणि परदेशातील भाव सांभाळण्याच्या नादात देशातील खरेदीची ताकद ढळते. म्हणून नाणी पाडण्यावरच मर्यादा घालावी. १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती याच भूमिकेवरून.

तेव्हा वाद पेटला होता तो रुपया सोळा पेन्सचा ठेवावा की अठराचा, यावर. आमच्याकडील कापसाच्या भाषेत सांगतो. परदेशात एक पौंडाला विकलेल्या कापसाचे सोळाच्या भावाने पंधरा रुपये येतात, अठराच्या भावाने तेरा रुपये पाच आणे चार पै. साहजिकच निर्यातदारांना सोळा हवे होते. आंबेडकरांनी यात एक प्रश्न घातला, जो व्यापारीही विचारीत नव्हते आणि सरकारही: रुपया स्वस्त झाल्याने किंमती चढतील, पण मजुरी तितक्या लवकर चढत नाही; मग व्यापाऱ्याचा तो नफा कोणाच्या पोटातून येणार? कापूस वेचणाऱ्या बाईच्या बाजूने विनिमयदराकडे पाहणारा वित्तशास्त्रज्ञ त्या आयोगापुढे क्वचितच आला असेल. रिझर्व्ह बँक त्यांच्या ग्रंथावरूनच उभी राहिली, असे अलीकडे सरसकट म्हणतात. मला ते पटत नाही. त्या बँकेच्या १९३४ च्या कायद्यामागे अनेक समित्या व अनेक मते होती. पण ग्रंथाचे मोल त्या दाव्यावर अवलंबूनही नाही.

हे सर्व झाल्यावर वित्तशास्त्रज्ञाने काय करावयाचे? १० व ११ एप्रिल १९२५ रोजी आमच्या या सीमाभागातील निपाणीस अस्पृश्यांची प्रांतिक परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. दोन वर्षांनी महाड. त्यानंतर अर्थशास्त्र मागे पडत गेले.

रुपयावरचा ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे आणि प्रांतिक वित्तावरचा सयाजीराव महाराजांस. बडोद्याच्या त्या रात्रीनंतरही. १९४७ साली पहिल्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली, ती भारतीय चलन व बँकिंग यांच्या इतिहासाचा पहिला खंड म्हणून. १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या खंडात यावयाचा होता. पुढे घटनासमितीचे काम आले, आणि तो खंड लिहून झाला नाही.