कवळाण्याचा गोपाळ

काळ्या घोड्यापाशी सिग्नलला थांबले की मला महाराजांच्या आधी कवळाण्याचा गोपाळ आठवतो. १८६३ साली नाशिक जिल्ह्यातल्या शेतकरी घरात जन्मलेला. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून उतरवलं. मग काशीराव तिन्ही मुलांना घेऊन बडोद्याला आले आणि जमनाबाईंनी गोपाळला दत्तक घेतलं. तो सयाजीराव झाला, पण इंग्रजांच्याच संमतीने. हा पेच जन्मभर राहिला.

अरविंद घोष त्यांच्या नोकरीत होते. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहाकडे पाठ फिरवली म्हणून गहजब झाला, माफीचं पत्र लिहावं लागलं. संशय ताजा असतानाच १९१४ चं महायुद्ध पेटलं. तेव्हा मात्र महाराजांनी साम्राज्याला मदत केली. १९१९ मध्ये किताबही मिळाला.

आधी मला हा चक्क दुटप्पीपणा वाटायचा. आता तसं वाटत नाही. इंग्रजांची मर्जी फिरली की काय होतं, ते मल्हाररावांच्या रूपाने त्यांनी बघितलं होतं. १९०६ पासून राज्यभर सक्तीचं मोफत शिक्षण सुरू होतं. गादी गेली असती, तर त्या शाळा कोणी सांभाळल्या असत्या?