वडाच्या पारंब्या

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या विंगमधल्या एका मित्राचं मेसचं बिल दोन महिने थकलं होतं. आम्ही वर्गणी काढली, पैसे पाकिटात घालून त्याच्या उशाखाली ठेवले. वाटलं, केवढं पुण्य केलं! पण त्याने पाकीट परत केलं आणि आठवडाभर तो आमच्याशी धड बोललाही नाही. आमचं काय चुकलं ते कळेना. ते कळलं लायब्ररीत कर्मवीर भाऊराव पाटलांचं चरित्र वाचताना. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला त्यांचं फक्त नाव माहीत होतं.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. त्यांचं स्वतःचं शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोचलं नाही. आपल्या इंजिनीअर मंडळींना आवडेल अशी गोष्ट म्हणजे ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायचे. त्यासाठी गावोगाव हिंडताना त्यांनी पाहिलं, की शेतकऱ्याच्या पोराला शाळा नाही, आणि शाळा असली तर गावापासून लांब. राहायचं कुठे, जेवायचं काय? म्हणजे खरी अडचण होस्टेलची होती!

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. त्या काळात तिथे सगळ्या जातीधर्मांची मुलं एका पंगतीत जेवायची. मुलं स्वतः स्वयंपाक करायची, शेतात राबायची, पडेल ते काम करायची. आज आपण ज्याला 'कमवा आणि शिका' म्हणतो ते हेच.

इथेच मला माझं उत्तर मिळालं. भाऊरावांनी मुलांना मदत केली, पण मिंधं केलं नाही. घामाची भाकरी खाणाऱ्या मुलाला मान खाली घालावी लागत नाही.

पण हे सगळं फुकटात झालं नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जुन्या वळणाच्या घरात वाढलेल्या. तरी बोर्डिंगच्या सगळ्या मुलांची आई झाल्या. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी एकेक करून दागिने मोडले. एकदा कोठीत धान्यच उरलं नाही, तेव्हा मंगळसूत्रसुद्धा दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. हे वाचलं तेव्हा आमच्या वर्गणीची मला लाजच वाटली. आम्ही एका पिक्चरचे पैसे वाचवले होते, बस्स!

मग या मदतीचा फायदा काय झाला? रयतने आपलं बोधचिन्ह म्हणून वडाचं झाड निवडलं. वडाची फांदी पारंबी सोडते, ती जमिनीत रुजते आणि मग तीच झाडाला आधार देते. बोर्डिंगमध्ये शिकलेली मुलं पुढे त्याच संस्थेत शिक्षक झाली. बॅरिस्टर पी. जी. पाटील विलायतेला शिकून परत रयतमध्येच आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. झाड मात्र वाढतच राहिलं.

आता आमच्या मित्राचं. यंदा मेसचा सगळा हिशेब तो ठेवतो आणि त्याचं बिल मेस कमिटी भरते. हिशेबातले घोळ थांबले, त्यामुळे आमचंही महिन्याचं बिल थोडं कमी येतं. शिवाय एम-थ्रीच्या सबमिशनच्या आदल्या रात्री माझ्या शेजारी बसून गणितं समजावणारा तोच होता. मदत कोणी कोणाला केली म्हणायची?

तेव्हा मित्रांनो, शेजारच्या रूमचं दार जरूर वाजवा. फक्त हात असा द्या, की समोरच्याला उभं राहता येईल.