नदी कोणाची? – सेनेटर जॉर्ज नॉरिस यांचे चरित्र

चरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजे, सेनापती किंवा साधुसंत उभे राहतात. आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत ते चरित्र मात्र एका वकिलाचे आहे. या गृहस्थांनी स्वतःच्या हाताने धरणाचा एक दगडही बसविला नाही. तरीपण अमेरिकेतील टेनेसी नदीवरच्या विल्सन धरणाची हकीकत त्यांच्या नावावाचून पुरी होत नाही. त्यांचे नाव जॉर्ज विल्यम नॉरिस.

११ जुलै १८६१ रोजी ओहायो राज्यातील एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईबापांचे हे अकरावे अपत्य. जॉर्ज तीन वर्षांचे असताना, १८६४ साली, थोरला भाऊ अमेरिकेच्या यादवी युद्धात कामी आला आणि त्याच वर्षाअखेर वडीलही वारले. शेताचा आणि पोराबाळांचा सारा भार एकट्या आईवर पडला. पहाटेपासून रात्री कंदिलाच्या उजेडापर्यंत राबणारी आई जॉर्जने लहानपणी पाहिली आणि ते चित्र जन्मभर त्यांच्या मनातून गेले नाही. एकदा आई एक फळझाड लावीत होती. त्याची फळे खायला ती स्वतः राहणार नाही, हे मुलाने तिला सांगून पाहिले. आपल्याला नाही तर पुढच्या कोणाला तरी फळ मिळेल, एवढ्यावर ती समाधानी होती. ही आठवण नॉरिस यांनी आपल्या आत्मचरित्रात आवर्जून नोंदविली आहे.

शाळामास्तरकी करीत त्यांनी कायद्याचे शिक्षण पुरे केले आणि १८८५ साली ते नेब्रास्का राज्यात जाऊन राहिले. तेथे वकिली, मग सरकारी वकील, मग न्यायाधीश अशी त्यांची वाटचाल झाली. त्या काळात नेब्रास्कात दुष्काळ पडला होता आणि शेतकरी कर्जात बुडाले होते. न्यायासनावर बसलेले नॉरिस अशा शेतकऱ्यांच्या जमिनीवर जप्ती आणण्याआधी त्यांना शक्य तेवढी मुदत देत. १९०३ मध्ये ते अमेरिकेच्या लोकसभेत गेले आणि १९१३ पासून पुढे तीस वर्षे सेनेटर होते. पक्ष रिपब्लिकन, पण माणूस कोणाच्या दावणीला बांधलेला नव्हता. १९१७ साली महायुद्धात उतरण्याच्या ठरावाविरुद्ध ज्या सहा सेनेटरांनी मत दिले, त्यांत ते एक होते. त्यासाठी त्यांना देशद्रोही म्हणवून घ्यावे लागले.

आता धरणाकडे वळू. अलाबामा राज्यात मसल शोल्स या ठिकाणी टेनेसी नदी पूर्वी खडकांवरून खळाळत उतरत असे. ३५ ते ४० मैलांच्या टप्प्यात ती १३० फुटांच्या आसपास खाली येई, त्यामुळे बोटींना पुढे जाता येत नसे. एकोणिसाव्या शतकात येथे दोन वेळा कालवे खोदून झाले, पण अडचण मुळातून गेली नाही. पुढे पहिले महायुद्ध आले. दारूगोळ्यासाठी लागणारे नायट्रेट तेव्हा चिली देशातून समुद्रमार्गे येई. तो मार्ग शत्रूने अडविला तर काय, या धास्तीने सरकारने हवेतील नायट्रोजनपासून नायट्रेट बनविण्याचे ठरविले. त्याला प्रचंड वीज लागते, आणि मसल शोल्सच्या उतारावर ती मिळण्यासारखी होती. म्हणून १९१८ मध्ये धरणाचे काम सुरू झाले. त्याला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे नाव मिळाले. आराखडा ह्यू कूपर या अभियंत्याचा होता.

धरण झाले १३७ फूट उंच आणि सुमारे ४,५४० फूट लांब. अडविलेले पाणी उंचावरून चक्रांवर सोडायचे आणि त्या चक्रांनी जनित्रे फिरवायची, ही विजेची बाजू. बोटींसाठी लॉक होते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा मोठा हौद. बोट आत घ्यायची, दरवाजा लावायचा आणि वरचे पाणी आत सोडायचे, की बोट पाण्याबरोबर आपोआप वर चढते. १९५९ मध्ये पुरे झालेले नवे लॉक बोटीला एका दमात नव्वदाहून अधिक फूट उचलण्यासाठी बांधले आहे.

पण धरण पुरे व्हायच्या आधीच, १९१८ च्या नोव्हेंबरात, युद्ध संपले. मग या साऱ्या खटाटोपाचे करायचे काय? १९२१ साली मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड पुढे आले. नायट्रेटचे कारखाने पन्नास लाख डॉलरला विकत द्यावेत आणि धरण शंभर वर्षांच्या कराराने द्यावे, अशी त्यांची मागणी होती. सरकारने केलेल्या खर्चाच्या मानाने ही रक्कम अगदीच क्षुल्लक होती. तरीपण फोर्ड यांचे नाव एवढे मोठे, आणि नदीकाठी ७५ मैल लांबीचे शहर वसविण्याचे त्यांचे स्वप्न एवढे मोहक, की त्या भागातील गरीब शेतकरीसुद्धा त्यांच्या बाजूने उभे राहिले. जमिनींचे भाव भडकले. १९२४ साली लोकसभेने फोर्ड यांची मागणी मान्यही केली.

सेनेटच्या शेतकी समितीचे अध्यक्ष तेव्हा नॉरिस होते. त्यांनी ही मागणी तेथे अडवून धरली. मसल शोल्स त्यांच्या राज्यापासून शेकडो मैल दूर. तेथे त्यांचा एकही मतदार नव्हता आणि तेथील लोकच त्यांच्यावर रागावलेले होते. पण नॉरिस यांचा विचार स्पष्ट होता. जनतेच्या पैशाने बांधलेले धरण आणि जनतेची नदी एका माणसाला शंभर वर्षे लिहून देणे म्हणजे अजून न जन्मलेल्या नातवंडांची मालमत्ता विकणे होय. दुसरे असे, की उन्हाळ्यात नदी आटली तर एकटे धरण काय करणार? वरच्या उपनद्यांवर पाणी साठविले तरच खाली बारा महिने वीज मिळेल, पूर आवरेल आणि बोटी चालतील. म्हणून सारी नदी उगमापासून मुखापर्यंत एका सार्वजनिक संस्थेच्या हाती असावी, असा त्यांचा आग्रह होता.

१९२४ च्या ऑक्टोबरात फोर्ड यांनी आपली मागणी मागे घेतली. पण नॉरिस यांचे काम अर्धेच झाले होते. १९२८ मध्ये त्यांचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, तर राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी सही केली नाही. १९३१ मध्ये ते पुन्हा मंजूर झाले, तर राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी नकाराधिकार वापरला. मधल्या काळात, १९३० च्या निवडणुकीत, विरोधकांनी एक अजब युक्ती केली. जॉर्ज नॉरिस याच नावाचा एक किराणा दुकानदार शोधून त्यांच्याविरुद्ध उभा केला, म्हणजे मतदार गोंधळून जावेत! अर्ज मुदतीत आला नाही म्हणून न्यायालयाने तो बाद केला आणि नॉरिस निवडून आले.

अखेर १९३३ च्या जानेवारीत नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट नॉरिस यांना बरोबर घेऊन हे धरण पाहायला गेले. १८ मे १९३३ रोजी टेनेसी खोरे प्राधिकरणाचा कायदा झाला आणि विल्सन धरण त्या संस्थेकडे आले. नॉरिस तेव्हा ७१ वर्षांचे होते. त्या काळी अमेरिकेत दर दहा शेतघरांपैकी नऊ घरांत वीज नव्हती. १९३६ साली खेड्यांत वीज नेण्याचा कायदा झाला, त्याच्याही मागे नॉरिस होतेच. वरच्या अंगाला क्लिंच नदीवर जे पहिले नवे धरण झाले, त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. पुढे नॉक्सव्हिलपासून पाड्यूकापर्यंत साडेसहाशे मैल बोटी चालू लागल्या.

मात्र या जमाखर्चाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकट्या नॉरिस धरणासाठी सुमारे तीन हजार कुटुंबांना घरदार सोडावे लागले. पूर्वजांची थडगीसुद्धा हलवावी लागली. धरणाजवळ नॉरिस नावाचे टुमदार गाव वसविले, पण तेथे काळ्या लोकांना घर मिळत नसे. नदी सर्वांची म्हणणाऱ्या योजनेत हा डाग राहिला.

१९४२ साली नॉरिस निवडणुकीत पडले आणि २ सप्टेंबर १९४४ रोजी मॅकूक या आपल्या गावी वारले. त्याच्या आदल्याच महिन्यात, ऑगस्ट १९४४ मध्ये, टेनेसीच्या कामावर अनुभव घेतलेले अभियंता व्हूर्डुइन यांनी भारतातील दामोदर नदीची प्राथमिक योजना तयार केली होती. १९४३ च्या पुरानंतर दामोदरसाठी टेनेसीसारखीच संस्था हवी, असे चौकशी समितीने सुचविले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात या कामाचे खाते ज्यांच्याकडे होते, ते मजूर सदस्य म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे त्यांच्या घराण्याचे मूळ गाव. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज ज्या कोकणातून या बेटावर आले, त्याच मातीतले हे घराणे. पूर, शेतीचे पाणी, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार व्हावा, ही दृष्टी बाबासाहेबांनी उचलून धरली. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले.

विल्सन धरणाने आता शंभरी ओलांडली आहे आणि त्याच्या वीजघरात एकवीस जनित्रे आहेत. आपल्या बेटावरही १९५२ पासून विजेचे काम सार्वजनिक मंडळाकडे आहे, त्यामुळे घरातला दिवा लावताना त्यात नवल वाटण्यासारखे आपल्याला काही दिसत नाही. अशा गोष्टी आपोआप घडत नाहीत. कोणीतरी बारा वर्षे शिव्याशाप सोसून, दोनदा हरून, तिसऱ्यांदा उभे राहिलेले असते. सार्वजनिक वस्तू सांभाळणे आणि ती उभारताना ज्यांची घरे गेली त्यांना न विसरणे, हे काम मात्र पुढच्या पिढीचे, म्हणजे आपलेच आहे.