परदेशातून खोक्यांत आलेले पार्ट जोडत सोलापूरच्या वालचंदशेठनी देशाची मोटार उभी केली

सोलापुरात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या घरात जातो. पंखासुद्धा गरम हवा फेकतो. अशा दिवसांत गेमिंगचा तगडा कॉम्प्युटर दुपारभर चालवायचा म्हणजे खोलीत शेगडी पेटवल्यासारखंच. म्हणून हौशी पोरं स्वतः पीसी जोडतात आणि तो थंड ठेवायला त्यात पाणी खेळवतात.

हे काम कसं चालतं ? तर प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा एक ठोकळा बसवतात. त्याच्या पोटातल्या बारीक खाचांतून पाणी फिरतं आणि चिपची उष्णता उचलतं. पंप ते गरम पाणी नळीतून रेडिएटरकडे ढकलतो, पंखे त्यातली उष्णता हवेत सोडतात आणि गार झालेलं पाणी पुन्हा फेरीला निघतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या पद्धतीनं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार कधीच होत नाही. खोलीतच ४० अंश असतील तर पाणी त्याच्या वरच राहणार. म्हणून लंडनमध्ये जो रेडिएटर पुरतो तो सोलापुरात कमी पडतो.

ही युक्ती कॉम्प्युटरवाल्यांनी मोटारीकडून उचलली. पंप, रेडिएटर, पंखा सगळं तेच. सुरुवातीच्या हौशी लोकांनी तर मोटारीच्या हीटरचे छोटे रेडिएटर काढून कॉम्प्युटरला लावले होते.

आणि दोन्हींमध्ये आणखी एक साम्य आहे. पीसी जोडणारा म्हणतो, मी मशीन बनवलं. मित्र लगेच टोमणा मारतो, बनवलं कुठं, चिप बाहेरची, कार्ड बाहेरचं, तू फक्त स्क्रू पिळलेस.

आपल्या देशात हाच वाद ८० वर्षांपूर्वी मोटारीवरून झाला होता. आणि त्या वादाच्या मधोमध उभा असलेला माणूस सोलापूरचाच होता. शेठ वालचंद हिराचंद.

आज सोलापुरात वालचंद म्हटलं की लोकांना आधी कॉलेज आठवतं. सांगलीतही तेच. माणूस मात्र नावामागं राहून गेला.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापुरात झाला. घराणं दिगंबर जैन, घरात बोलायची भाषा गुजराती. सौराष्ट्रातून निघालेलं हे दोशी कुटुंब फलटणमार्गे सोलापुरात येऊन स्थिरावलं होतं. वडील हिराचंद नेमचंद यांची पेढी होती, सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. म्हणजे गादीवर बसून व्याज मोजत आयुष्य काढायची पूर्ण सोय होती. मुंबईचं सेंट झेवियर्स, पुण्याचं डेक्कन कॉलेज असं शिक्षण झालं, पण पदवी हातात पडली नाही. पेढीवरही मन रमेना.

तेव्हा त्यांची गाठ पडली लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी. फाटक रेल्वेत कारकुनी केलेले, कामाची खडान् खडा माहिती असलेले गृहस्थ. वालचंदांकडे पैसा उभा करायची ताकद होती. दोघांनी मिळून ठेकेदारी सुरू केली. पहिलं मोठं काम मिळालं ते बार्शी लाईट रेल्वेचं, येडशी ते तडवळे असा सात मैलांचा तुकडा. सावकाराच्या पोरानं खडी आणि रूळ यांच्या धंद्यात उतरावं हे तेव्हा नवलाचंच होतं.

त्यानंतर कामं वाढत गेली. पहिल्या महायुद्धात लष्कराची बांधकामं मिळाली, त्यात चांगला पैसा झाला. पुढे भोर घाटातले म्हणजे आपल्या खंडाळ्याच्या घाटातले रेल्वे बोगदे झाले, सिंधू नदीवर कालाबागचा पूल झाला. १९२६ साली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. इंग्रज सरकारचे ठेके घेऊन मोठा झालेला हा माणूस, हे विसरून चालणार नाही. पुढं ज्या सरकारशी तो भांडला, त्याच सरकारच्या बिलांवर त्याचं भांडवल उभं राहिलं होतं.

भांडणाची सुरुवात समुद्रावर झाली. १९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडचं एक जुनं जहाज विकायला निघालं. वालचंदांनी ते घ्यायचं ठरवलं. सोबतीला आले नरोत्तम मोरारजी. सोलापूरची जुनी मिल ज्या मोरारजी गोकुळदासांनी उभारली, त्यांचे हे चिरंजीव. जहाजाचं नाव लॉयल्टी, कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. आज ५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो त्याचमुळं. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवायचा पुरेपूर प्रयत्न केला. सिंदिया टिकली, पण त्यासाठी ब्रिटिश कंपन्यांशी करार करून स्वतःच्या वाढीवर मर्यादा घालून घ्याव्या लागल्या.

या झगड्यातून वालचंदांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली असावी. दुसऱ्याचं मशीन विकत घेऊन धंदा करता येतो, पण ते मशीन बनवणारा उद्या नाही म्हणाला की तुमचा धंदा संपला. जहाज चालवायचं तर जहाज बांधताही आलं पाहिजे.

मग मोटार. हे स्वप्न मुळात सर विश्वेश्वरय्या यांचं. त्यांनी युरोप अमेरिका फिरून भारतात मोटार कारखान्याची योजना तयार केली होती. वालचंदांनी ती उचलून धरली आणि १९३९ साली ते थेट अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी केली, जमलं नाही. क्रायस्लर कंपनी तयार झाली आणि १९४० मध्ये करार झाला.

आता तुम्ही म्हणाल, मोटारी तर भारतात त्याआधीही जोडल्या जात होत्या. बरोबर आहे. जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत शिवडीला मोटारी जोडायला सुरुवात केली होती. फोर्डचंही हेच चालू होतं. जहाजातून खोकी यायची. इंजिन तयार, चासी तयार, पत्र्याचे भाग तयार. इथले कामगार ते बोल्टनं जोडायचे, रंग द्यायचे, गाडी रस्त्यावर. अख्खी गाडी आणण्यापेक्षा खोक्यांचं भाडं कमी पडायचं, जकात वाचायची. कंपनीचा फायदा होता, म्हणून जोडणी इथं होत होती. पिस्टन इथं ओतण्यात तिला काडीचाही रस नव्हता.

वालचंदांचा बेतही सुरुवातीला खोकी आणायचाच होता. फरक पुढच्या पायरीत होता. आधी जोडायचं, जोडता जोडता माणसं तयार करायची, मग एकेक भाग इथंच बनवायचा. पण दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं आणि सरकारनं या कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग मानायला नकार दिला. ती मान्यता नाही म्हणजे परदेशातून यंत्रं आणायची परवानगी नाही. युद्धात सैन्य ट्रकवर चालतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरीही फाईल हलली नाही.

याच काळात एक गंमत घडली. १९३९ च्या त्याच अमेरिका दौऱ्याहून परतताना विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचा अमेरिकन भेटला. हा गडी चीनमध्ये अमेरिकन विमानं जोडायचा कारखाना चालवत होता. गप्पा झाल्या आणि वालचंदांनी ठरवलं, विमानाचा कारखाना काढायचा. मोटारीला नाही म्हणणारं सरकार विमानाला हो म्हणालं, कारण विमानं तातडीनं हवी होती. म्हैसूर संस्थाननं साथ दिली आणि २३ डिसेंबर १९४० ला बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. तीच आजची एचएएल.

ऑगस्ट १९४१ मध्ये तिथून पहिलं विमान उडालं. हार्लो जातीचं, शिकाऊ वैमानिकांसाठीचं छोटं विमान. म्हणजे कंपनीची नोंदणी झाल्यापासून आठ महिन्यांत. हेही अमेरिकेतून आलेल्या भागांचंच होतं. पण विमान जोडणं म्हणजे कपाट जोडणं नव्हे. मापात केसाएवढी चूक झाली तर वैमानिक जिवाला मुकतो. या कामात जे हात तयार झाले ते इथंच राहिले.

१९४२ साली जपान दाराशी आला आणि सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन टाकला. पुढे कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीकामाला लागला. वालचंदांना पैसे मिळाले, विमानाचा धंदा हातून गेला.

जहाजाचंही तसंच. २१ जून १९४१ ला विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये जपान्यांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि काम रखडलं. शेवटी १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंनी जलउषा हे आठ हजार टनी जहाज पाण्यात सोडलं. १९५२ मध्ये या कारखान्यातला मोठा हिस्साही सरकारनं घेतला. यावेळी सरकार आपलं होतं एवढाच काय तो फरक.

मोटार मात्र हातात राहिली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ आणि फार्गो ट्रक. करार १९४० चा, गाडी १९४७ ची. सात वर्षं नुसत्या परवानग्या आणि युद्ध यांत गेली. या सात वर्षांचा हिशेब कुणी मांडत नाही.

गाड्या आल्या तसे टीकाकारही आले. अमेरिकेचीच गाडी, शेठजींनी फक्त नट आवळले. टोमणा खोटा नव्हता. पहिल्या गाड्या खरंच खोक्यांतून आल्या होत्या. पण १९४९ पासून प्रीमियरनं सुटे भाग स्वतः बनवायला घेतले. कामाला सगळ्यात अवघड हीच पायरी. जोडणीला पाने आणि कामगार पुरतात. भाग बनवायला चांगलं पोलाद, ओतकाम, मापन, साचे हे सगळं लागतं आणि तेव्हा देशात यातलं निम्मंही धड मिळत नव्हतं. सुरुवातीला इथं बनवलेला भाग आणलेल्या भागापेक्षा महाग पडतो, आणि खोकी मागवणारा शेजारी स्वस्तात गाडी विकत असतो.

वालचंदांना या लढाईचा शेवट पाहता आला नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कारभारातून अंग काढून घेतलं. धाकटे भाऊ लालचंद आणि गुलाबचंद यांनी पसारा सांभाळला. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शेवटपर्यंत शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला वालचंद गेले.

निकाल लागला तो त्याच वर्षी. टॅरिफ कमिशननं मोटार उद्योगाचा अहवाल दिला आणि सरकारनं धोरण ठरवलं, की ज्यांच्याकडं गाडीचे भाग इथं बनवण्याचा ठोस कार्यक्रम आहे त्यांनीच राहायचं. नुसती खोकी उघडणाऱ्यांना जागा नाही. जनरल मोटर्सला शिवडीत २५ वर्षं झाली होती, जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी होती, पण असा कार्यक्रम तिच्याकडं नव्हता. तिनं गाशा गुंडाळला. फोर्डही गेली. कुर्ल्याची प्रीमियर राहिली.

या धोरणाची दुसरी बाजूही आहे. स्पर्धाच उरली नाही, त्यामुळं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं गाडीसाठी रांगेत थांबलं आणि जुन्याच गाड्या नव्या म्हणून विकल्या गेल्या. वालचंदांना संरक्षण हवं होतं ते पायावर उभं राहीपर्यंत. पुढच्या तीन दशकांत ते कायमचंच होऊन बसलं.

प्रीमियरनं पुढे इटलीच्या फियाटशी हात मिळवला. त्यातून ११०० आली आणि तिचीच पुढं पद्मिनी झाली. उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये बाटलीनं पाणी ओतणारे फियाटवाले ज्यांनी पाहिलेत, त्यांना पाण्यावर थंड होणारं मशीन समजावून सांगावं लागत नाही. मुंबईत तर टॅक्सी म्हणजे पद्मिनी असंच समीकरण होतं. शहरात नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.