शंकर पुरुषोत्तम आघारकर

शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८ नोव्हेंबर १८८४ – २ सप्टेंबर १९६०) हे भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पुणे येथील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेचे संस्थापक-संचालक होते. कोरड्या प्रदेशांतील रानवनस्पतींचा बीजप्रसार व त्यांचे मूलस्थान या विषयावरील संशोधनासाठी ते ओळखले जातात.

प्रारंभीचे जीवन
आघारकरांचा जन्म मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात उच्च शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी तेथेच जीवशास्त्राचे अध्यापन केले. या काळात सह्याद्रीत भ्रमंती करताना त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी १९११ मध्ये त्याचे ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असे नामकरण केले. तोवर ही प्रजाती आफ्रिकेतूनच ज्ञात असल्याने या शोधास विशेष महत्त्व आले.

जर्मनीतील संशोधन
कोलकाता विद्यापीठाच्या वतीने १९१४ मध्ये ते जर्मनीस गेले. पहिले महायुद्ध सुरू झाल्याने ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तेथे काही काळ स्थानबद्धतेत राहावे लागले. तरीही १९१९ मध्ये त्यांनी बर्लिन येथे डॉक्टरेट संपादन केली. वायव्य भारतातील शुष्क व क्षारयुक्त जमिनींवरील वनस्पतींची प्रसारसाधने आणि मूलस्थान हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. अशा भूमीत बीज योग्य जागी पोहोचण्यावर वनस्पतीचे अस्तित्व अवलंबून असते. मनमाडसारख्या अवर्षणप्रवण भागातील माळरानांवरही ही साधने पाहावयास मिळतात: रुईचे बी रेशमी तंतूंच्या आधारे वाऱ्यावर तरंगत जाते, तर गोखरूची काटेरी फळे जनावरांच्या पायांत रुतून दूरवर पोहोचतात. प्रसाराच्या अशा साधनांवरून एखादी वनस्पती कोणत्या प्रदेशातून आली असावी, याचा विचार करता येतो.

अध्यापन व संस्थाकार्य
मायदेशी परतल्यानंतर आघारकरांनी कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक म्हणून प्रदीर्घ काळ काम केले. निवृत्तीनंतर विश्रांती न घेता ते पुण्यात आले आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची धुरा त्यांनी स्वीकारली. अखेरपर्यंत त्यांनी या संस्थेच्या उभारणीसाठी परिश्रम घेतले.

वारसा
१९९२ मध्ये विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेस ‘आघारकर संशोधन संस्था’ असे नाव देण्यात आले. गहू व सोयाबीनच्या सुधारित वाणांसाठी ही संस्था प्रसिद्ध असून तेथील वनस्पतिसंग्रहही आघारकरांच्या नावे ओळखला जातो.