इलेक्ट्रॉनांचे भिंग घडविणारे रुस्का

सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळ असलेले दोन बिंदू प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला वेगळे दाखविता येत नाहीत. प्रकाशाची तरंगलांबीच आड येते. हे कुंपण ओलांडणारे अर्न्स्ट रुस्का यांचा जन्म २५ डिसेंबर १९०६ रोजी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झाला. वडील युलिउस रुस्का हे विज्ञानाच्या इतिहासाचे, विशेषतः अरबी किमयाशास्त्राचे, नावाजलेले अभ्यासक होते. मुलाने मात्र म्युनिक आणि नंतर बर्लिन येथे विद्युत अभियांत्रिकीची वाट धरली.

तारेच्या वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांच्या झोतावर भिंगासारखे काम करते, हे हान्स बुश यांनी १९२६ मध्ये गणिताने दाखविले होते. माक्स क्नोल यांच्या मार्गदर्शनाखाली रुस्का यांनी ते प्रत्यक्षात उतरविले. एप्रिल १९३१ मध्ये अशी दोन भिंगे एकामागे एक ठेवून त्यांनी प्रतिमा मिळविली. ती वीसपटही मोठी नव्हती. तेवढे काम हातभिंगही करते. इलेक्ट्रॉनही तरंगासारखा वागतो, हा द ब्रॉयी यांचा सिद्धान्त पुढे कानी आला, तेव्हा येथेही तरंगलांबी आडवी येणार म्हणून तरुण रुस्का प्रथम खट्टू झाले. मात्र ती प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे एक लक्षांश भरते, हे आकडेमोडीतून कळल्यावर त्यांचा हुरूप वाढला.

१९३३ मध्ये त्यांच्या नव्या उपकरणाने १२,००० पट मोठी प्रतिमा देऊन प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला मागे टाकले. तरीही पैसा लावायला कोणी पुढे येईना. आक्षेप बिनबुडाचा नव्हता. निर्वात नळीत, इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली कापसाचे तंतू जळून कोळसा होत. मग पेशींचे काय होणार? त्यातच सीमेन्स कंपनीने राइनहोल्ड र्‍यूडेनबर्ग यांच्या नावाने १९३१ च्या मे अखेरीस पेटंटचा अर्ज केलेला होता. रुस्का यांना पोटासाठी दूरचित्रवाणीच्या कंपनीत नोकरी धरावी लागली. अखेर त्यांचे धाकटे बंधू हेल्मूट, जे डॉक्टर होते, मदतीला धावले. हेल्मूट यांच्या गुरूंनी या यंत्राच्या वैद्यकीय उपयोगाची ग्वाही दिली आणि १९३७ मध्ये रुस्का व त्यांचे सहकारी बोडो फॉन बोरिस यांना प्रयोगशाळा मिळाली. तीही सीमेन्सकडेच! १९३९ मध्ये पहिले विक्रीयोग्य यंत्र बाहेर पडले. हेल्मूट यांनी त्यातून विषाणू दाखविले.

रुस्का यांचे एक काम मात्र फारसे आठवले जात नाही. निर्वातात दिसते ती स्तब्ध वस्तू. रासायनिक क्रिया पाहायची तर नमुन्याभोवती वायू हवा, आणि वायूमुळे इलेक्ट्रॉनांचा झोत विखुरतो. १९४२ मध्ये त्यांनी वाढीव दाबाखालील प्रतिमांवर शोधनिबंध लिहिला. या वाटेला फळे यायला अनेक दशके लागली. २००२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी तांब्याच्या नॅनोस्फटिकांचे वायूमध्ये चित्रण केले. हायड्रोजनमध्ये कोनीदार दिसणारे स्फटिक पाण्याची वाफ मिसळताच गोलसर झाले आणि वाफ काढताच पूर्ववत झाले. मिथेनॉलच्या निर्मितीत तांबे उत्प्रेरक म्हणून वापरतात. त्याचा कोणता पृष्ठभाग उघडा राहतो, यावर क्रियेचा वेग ठरतो. तो पृष्ठभाग भोवतीच्या वायूनुसार बदलतो, हे यातून अणूंच्या पातळीवर दिसले.

१९५५ मध्ये सीमेन्स सोडून रुस्का बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेत पूर्णवेळ दाखल झाले. १९७४ मध्ये ते निवृत्त झाले. नोबेल पारितोषिकाला १९८६ साल उजाडावे लागले. तेव्हा त्यांचे वय ७९ होते. पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना, तर उरलेला बिनिग आणि रोरर यांना मिळाला. क्नोल, बोरिस, र्‍यूडेनबर्ग आणि हेल्मूट यांपैकी त्या वेळी कोणीही हयात नव्हते, आणि नोबेल मरणोत्तर दिले जात नाही. २७ मे १९८८ रोजी बर्लिनमध्ये रुस्का यांचे निधन झाले.